ऐकून ठरवायचं, पण कसं?

दहावीतल्या एका मुलानं सुट्टीत काम करून थोडे पैसे साठवले होते. त्याला गाणी ऐकायला खिशात मावेल असा प्लेअर घ्यायचा होता. "सर, वेगळा प्लेअर घेतला तर मोबाइलपेक्षा आवाज खरंच चांगला येतो का?" असा त्याचा सरळ प्रश्न होता. आम्ही त्याला उद्या सांगतो म्हटलं, कारण आमच्यातल्याच एका सरांकडे असा एक महागडा प्लेअर होता. मोबाइल तर होताच. दोन्हींवर एकच गाणं लावायचं, ऐकायचं आणि सांगायचं. त्यात काय मोठंसं?

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सरांनी दोन्ही यंत्रं टेबलाच्या खणात ठेवली आणि इअरफोनची तार तेवढी बाहेर काढली. आधी मोबाइल, मग प्लेअर, असं आम्ही पाच जणांनी आळीपाळीनं ऐकलं. आमचं एकमत झालं. दुसऱ्या वेळी तबल्याचा बायां अधिक घुमत होता, तानपुरा मोकळा वाटत होता. एका बाईंना तर गायिकेचा श्वाससुद्धा आता ऐकू आला. सगळं आटोपल्यावर सरांनी खण उघडला आणि ते गप्पच झाले. इअरफोनची पिन मोबाइलमध्येच होती. गडबडीत ती बदलायची राहून गेली होती. दोन्ही वेळा आम्ही एकच यंत्र ऐकलं होतं.

आमच्यापैकी कुणीही खोटं बोललं नव्हतं. श्वास ऐकू आला तो खराच होता, पण तो पहिल्या वेळीही होता. तेव्हा तिकडे लक्ष गेलं नव्हतं इतकंच. एका मुलाचे कष्टाचे पैसे आम्ही एवढ्या आधारावर खर्च करायला लावणार होतो. त्या दिवसापासून हा प्रश्न आम्ही नीट हाती घेतला: ऐकून ठरवायचं असेल, तर ते ठरवायचं कसं?

कान कुठे फसतो?

कान हे फार नाजूक आणि उत्तम यंत्र आहे, यात वाद नाही. पण ऐकण्याचं काम एकटा कान करत नाही. कानानं पाठवलेल्या संदेशाचा अर्थ मेंदू लावतो, आणि तो लावताना आधीपासून माहीत असलेल्या गोष्टींचीही मदत घेतो. 'हे महागडं यंत्र आहे' ही माहितीही त्यात मिसळते. ही मेंदूची रीतच आहे. आपण तसं न करायचं ठरवलं, तरी ते थांबत नाही.

दुसरी अडचण स्मरणशक्तीची. गाण्याची चाल आपल्याला वर्षानुवर्षं आठवते, पण आवाजाचा बारीक पोत काही सेकंदांपलीकडे जसाच्या तसा लक्षात राहत नाही. आज दुकानात ऐकलेलं यंत्र आणि काल घरी ऐकलेलं यंत्र यांची तुलना करताना आपण आवाजाची तुलना करत नसतो. त्यांच्याविषयीच्या आपल्या मतांची तुलना करत असतो.

तिसरी अडचण सगळ्यांत फसवी. ती म्हणजे आवाज किती मोठा आहे. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी माणसाच्या कानाविषयी एक महत्त्वाची गोष्ट मोजून दाखवली. आवाज हळू असतो तेव्हा खर्जातले स्वर आपल्याला मधल्या स्वरांच्या मानानं फारच कमी ऐकू येतात. आवाज वाढवला की खर्जाची ही तूट भरून येते. म्हणून एकच गाणं थोडं मोठं लावलं की ते 'मोठं' वाटण्याऐवजी 'भरदार' वाटतं. फरक अगदी थोडा असेल, तर आवाज वाढला आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. आपण म्हणतो, यंत्र चांगलं आहे.

थोडा फरक म्हणजे किती? इथे डेसिबल हे एकक उपयोगी पडतं. इअरफोनला मिळणारा विद्युतदाब सुमारे १२ टक्क्यांनी वाढला की पातळी १ डेसिबलनं वाढते. ०.१ डेसिबल म्हणजे विद्युतदाबात एक टक्क्याहून किंचित जास्त फरक. दोन यंत्रांची तुलना करताना पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळवावी, असा या क्षेत्रातला संकेत आहे. नुसत्या कानानं इतकं जुळत नाही. त्यासाठी मोजावंच लागतं.

चहाच्या कपांची परीक्षा

आवाज बाजूला ठेवून जरा चहाकडे वळू. १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड इथल्या शेती संशोधन केंद्रात म्युरिएल ब्रिस्टल नावाच्या शास्त्रज्ञ बाई काम करत. कपात दूध आधी घातलं की चहा आधी ओतला, हे चवीवरून आपल्याला ओळखता येतं, असं त्या म्हणत. त्यांचे सहकारी रोनाल्ड फिशर यांनी ना हसण्यावारी नेलं, ना मान डोलावली. हे तपासायचं कसं, याचा त्यांनी विचार केला. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांच्या आखणीवरच्या त्यांच्या पुस्तकात हा प्रयोग येतो.

आठ कप. चारांत दूध आधी, चारांत चहा आधी. कपांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवल्यासारखा, कुणालाही अंदाज येणार नाही असा. दूध आधी घातलेले चार कप बाईंनी ओळखायचे. आठांतून चार कप निवडण्याचे प्रकार ७०. त्यांतला एकच बरोबर. म्हणजे काहीही न कळता नुसत्या नशिबानं सगळे कप ओळखण्याची शक्यता ७० त १.

या छोट्या प्रयोगात आपल्याला हव्या त्या तीनही गोष्टी आहेत. एक, ओळखणाऱ्याला उत्तर आधी माहीत नाही. दोन, क्रम यादृच्छिक आहे. तीन, केवळ नशिबानं किती जमेल याचा हिशेब आधीच मांडलेला आहे. ध्वनीच्या बाबतीत याच धर्तीची एक पद्धत १९५० मध्ये मन्सन आणि गार्डनर यांनी मांडली. पुढे ती 'एबीएक्स' या नावानं रूढ झाली. आपण तिला 'क-ख-य' म्हणू. आधी 'क' यंत्र ऐकवायचं, मग 'ख' यंत्र. ती कोणती हे ऐकणाऱ्याला सांगायचं. मग ऐकवायचं 'य'. ते क किंवा ख यांपैकीच एक असतं, पण कोणतं ते सांगायचं नाही. ऐकणाऱ्यानं एवढंच सांगायचं: य म्हणजे क, की ख?

या पद्धतीची गंमत बघा. 'कोणतं चांगलं?' हा प्रश्न ती विचारतच नाही. आधी विचारते, 'फरक कळतो का?' फरकच कळत नसेल, तर चांगलं-वाईट ठरवणार कशावरून?

आधी जुळवाजुळव

फक्त प्लेअर तपासायचे, तर बाकी सगळं सारखं हवं. गाणं यंत्रात अंकांच्या रूपात साठवलेलं असतं. त्या अंकांवरून एक मंडल विद्युतसंदेश तयार करतं, दुसरं मंडल त्याचं वर्धन करतं आणि इअरफोन त्याचा ध्वनी करतो. म्हणून दोन्ही यंत्रांत एकच फाइल हवी. सीडीच्या प्रतीच्या ध्वनीत दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि डावी-उजवी अशा दोन वाहिन्या असतात. गुणाकार केला की सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. तीच ध्वनिफीत १,२८,००० बिटांच्या एमपीथ्री फाइलमध्ये बसवली, तर माहिती अकराव्या हिश्श्यावर येते. एका यंत्रात पहिली आणि दुसऱ्यात दुसरी फाइल असेल, तर आपण फाइलींची परीक्षा घेत असू, यंत्रांची नाही. इअरफोनही एकच हवा. आणि खर्ज वाढवणाऱ्या, आवाज 'सुधारणाऱ्या' सगळ्या सोयी दोन्हीकडे बंद.

आम्ही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून एक डीपीडीटी स्विच आणला आणि जुन्या डब्यात बसवला. कळ एका बाजूला केली की इअरफोन मोबाइलला जोडला जातो, दुसऱ्या बाजूला केली की प्लेअरला. प्रयोगाच्या वेळी दोन्ही यंत्रं बॅटरीवर चालवावीत, चार्जर लावू नये.

पातळी जुळवण्यासाठी दोन्ही यंत्रांवर ३०० हर्ट्झचा एकसारखा सूर वाजवायचा आणि इअरफोन जोडलेला असताना त्याच्या टोकांमधला पर्यायी विद्युतदाब मल्टिमीटरनं मोजायचा. सूर वाजताना इअरफोन कानात मात्र नको. इथे एक सूचना: स्वस्त मल्टिमीटरवर पर्यायी विद्युतदाबाची सर्वांत लहान पट्टी बहुधा २०० व्होल्टची असते. ती इथे कामाची नाही, मिलिव्होल्ट दाखवणारा मल्टिमीटर लागतो. त्याचं वाचन थोडं चुकत असलं तरी बिघडत नाही. दोन्ही यंत्रांसाठी सूर तोच आणि मीटरही तोच, त्यामुळे चूकही तीच राहते, आणि आपल्याला हवं आहे ते फक्त गुणोत्तर.

आम्ही आधी कानानं 'अगदी सारखा' आवाज लावला आणि मग मोजलं. मोबाइलचे ९० मिलिव्होल्ट, प्लेअरचे ११०! म्हणजे २२ टक्क्यांचा, पावणेदोन डेसिबलचा फरक. तो काढून टाकणंही सोपं नव्हतं, कारण आवाज वाढवण्याच्या पायऱ्या मोठ्या असतात. एका पायरीला कमी पडतं, पुढच्या पायरीला जास्त होतं. शेवटी ऑडॅसिटी या मोफत मिळणाऱ्या प्रणालीत फाइलचीच पातळी थोडी थोडी कमी करून आम्ही दोन्ही आकडे जुळवले.

प्रयोगाची मांडणी

एका बाईंनी दहा वेळा नाणं उडवून दहा फेऱ्यांचा क्रम लिहिला. छापा आला तर मोबाइल, काटा आला तर प्लेअर. हा कागद त्यांनी दुसऱ्या सरांना दिला आणि त्या खोलीबाहेर गेल्या. सर कपाटामागे बसून, एक शब्दही न बोलता, कागदाप्रमाणे कळ फिरवत होते आणि दर वेळी गाणं त्याच जागेपासून सुरू करत होते. ऐकणाऱ्यासमोर बसून उत्तरं टिपणाऱ्याला क्रम माहीत नव्हता.

एवढा बंदोबस्त कशाला, असं वाटेल. त्यासाठी जर्मनीतल्या हान्स नावाच्या घोड्याची गोष्ट आठवावी. तो गणितं सोडवून उत्तराइतक्या वेळा खूर आपटतो, अशी त्याची ख्याती होती. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये दाखवून दिलं, की विचारणाऱ्याला उत्तर माहीत असेल तरच घोड्याला ते 'येतं'. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याच्या मानेची नकळत किंचित हालचाल होई आणि घोडा थांबे. घोड्याला जे टिपता येतं ते माणसालाही येतं. म्हणून ऐकणाऱ्यासमोरच्या माणसालाही उत्तर माहीत नसावं.

आता नशिबाचा हिशेब. प्रत्येक फेरीत दोनच उत्तरं शक्य आहेत, म्हणून दहा फेऱ्यांच्या उत्तरांचे एकूण प्रकार २ चा दहावा घात, म्हणजे १,०२४. त्यांत दहाही बरोबर येण्याचा प्रकार १, नऊ बरोबर येण्याचे १० आणि आठ बरोबर येण्याचे ४५. म्हणजे नुसत्या अंदाजानं नऊ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता १,०२४ त ११, सुमारे १ टक्का. आठ किंवा अधिक धरले तर १,०२४ त ५६, म्हणजे साडेपाच टक्के. आम्ही आधीच ठरवून फळ्यावर लिहिलं: नऊ किंवा जास्त बरोबर आले तरच 'फरक कळतो' म्हणायचं. निकाल पाहून मग नियम ठरवणं ही स्वतःला फसवण्याची सर्वांत सोपी वाट आहे.

काय झालं?

पहिल्यांदा आम्ही मुद्दाम पातळी न जुळवता प्रयोग केला. ज्या बाईंना श्वास ऐकू आला होता, त्यांनीच दहांपैकी नऊ ओळखले. त्यांनी कारण सांगितलं ते मात्र 'एकात आवाज मोठा आहे' असं नव्हतं. त्या म्हणाल्या, "एकात बायां जास्त घुमतो."

मग पातळी जुळवून पुन्हा तेच केलं. दहांपैकी पाच. दुसऱ्या एका सरांचे सहा. घुमणारा बायां कुठे गेला, हे कुणालाच सांगता येईना.

तिसरा प्रयोग आम्हाला आपोआप सुचला. दोन गाण्यांमधल्या शांततेत एका सरांना बारीकसा 'सूंऽ' असा आवाज जाणवला होता. म्हणून गाण्याऐवजी शांततेचीच फाइल लावली. दहांपैकी दहा बरोबर! आणि सूं करत होता तो महागडा प्लेअर. त्याचा वर्धक मोठ्या हेडफोनसाठी जोरकस केलेला आहे. छोट्या, संवेदनक्षम इअरफोनमध्ये त्याचा स्वतःचा गोंगाटही ऐकू येतो.

ही पद्धत 'फरक नाही' असंच दाखवण्यासाठी असते, असा काहींचा समज असतो. तो चूक आहे हे या तिसऱ्या प्रयोगावरून दिसतं. खरा फरक असेल तर तो इथे ठसठशीत उमटतो.

फरक पडण्याचं आणखी एक खरं कारण आहे आणि ते दहावीच्या विजेच्या धड्यातलंच आहे. प्रत्येक यंत्राला स्वतःचा अंतर्गत रोध असतो, आणि तो इअरफोनच्या रोधाशी एकसरीत येतो. समजा, एखाद्या इअरफोनचा रोध खर्जात १६ ओहम आणि वरच्या स्वरांत ३२ ओहम आहे. यंत्राचा अंतर्गत रोध १ ओहम असेल, तर इअरफोनच्या वाट्याला खर्जात ९४ टक्के आणि वर ९७ टक्के विद्युतदाब येतो. फरक नगण्य. तोच अंतर्गत रोध १० ओहम असेल, तर खर्जात ६२ टक्के आणि वर ७६ टक्के. हा फरक पावणेदोन डेसिबलहून जास्त आहे. असं यंत्र त्या इअरफोनमध्ये खरोखरच वेगळं, जरा तीक्ष्ण वाजेल. दुसऱ्या इअरफोनमध्ये कदाचित तसं होणार नाही. हा हिशेब मुलांकडून जरूर करून घ्यावा.

निकालाचा अर्थ

दहांपैकी पाच आले म्हणजे 'फरक नाहीच' असं सिद्ध होतं का? नाही. या माणसाला, या गाण्यात, या इअरफोनवर फरक ओळखता आला नाही, एवढंच म्हणता येतं. आणखी माणसं, आणखी फेऱ्या घेतल्या की उत्तर अधिक भरवशाचं होत जातं.

याचं चांगलं उदाहरण म्हणजे सीडीहून अधिक तपशिलानं केलेल्या ध्वनिमुद्रणांविषयीचा वाद. मेयर आणि मोरान यांनी अशी ध्वनिमुद्रणं एकदा जशीच्या तशी आणि एकदा सीडीच्या दर्जाला उतरवून ऐकवली. २००७ मध्ये त्यांनी निकाल प्रसिद्ध केला: ५५४ चाचण्यांपैकी २७६ उत्तरं बरोबर, म्हणजे जवळजवळ नाणं उडवल्यासारखंच. पुढे २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी १८ प्रयोगांतल्या १२,५०० हून अधिक चाचण्या एकत्र तपासल्या. तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं, आणि सराव असलेल्यांचं त्याहून चांगलं. म्हणजे फरक अगदीच नाही असं नाही, पण आहे तो फार थोडा. 'जमीन-अस्मानाचा फरक' म्हणणारे आणि 'सगळं थोतांड आहे' म्हणणारे, दोघांनाही मोजमापानं जागेवर आणलं.

वर्गात करून पाहण्यासाठी

शाळेत प्लेअर नसले तरी अडत नाही. एकाच मोबाइलवर एकच गाणं दोन पातळ्यांवर लावून 'कोणतं भरदार?' असं विचारता येईल. नळाचं उकळून गार केलेलं पाणी आणि बाटलीतलं पाणी, किंवा दोन कंपन्यांची बिस्किटं घेऊन हीच परीक्षा घेता येईल. नाणं मुलांनीच उडवावं, क्रम मुलांनीच लिहावा, आणि किती बरोबर आले तर मानायचं हे आधीच फळ्यावर मांडावं. इअरफोन वापरल्यास दर वेळी पुसून घ्यावेत आणि आवाज बेताचा ठेवावा. मोठ्या माणसांनी सरासरी ८० डेसिबल आवाज आठवड्यात ४० तासांहून जास्त ऐकू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल आहे.

त्या मुलाला आम्ही काय सांगितलं? प्रयोग त्याला दाखवला, दहा फेऱ्या त्यालाही ऐकवल्या. त्याचेही पाचच बरोबर आले. मग दोन वेगवेगळे इअरफोन एकाच मोबाइलवर ऐकवले. तो फरक पहिल्याच सेकंदात कळला, कारण विजेचा ध्वनी करणाऱ्या भागात यंत्रायंत्रांत सर्वांत जास्त तफावत असते. त्यानं कानात नीट बसणारे इअरफोन घेतले आणि उरलेले पैसे परत डब्यात टाकले.

जाताना त्यानं विचारलं, "पण सर, पहिल्या दिवशी तुम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं ना?" ऐकलं होतं खरं. म्हणूनच पिन कुठे होती, हेही आम्ही त्याला सांगून टाकलं.